गावचा नकाशा मोबाईलवर आला, वर्गात कधी येणार?



मागच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, तेव्हा आठवीच्या वर्गातली दोन पोरं दोन कोपऱ्यांत बसलेली दिसली. ही दोघं पहिलीपासून एकाच सायकलवर डबलसीट शाळेत येणारी. डबा एक, पेन एक. मी विचारलं, "काय झालं रे?" दोघंही खाली पाहू लागले. शेवटी तिसऱ्यानेच सांगितलं, "सर, त्यायच्या घरी धुऱ्यावरून भांडण झालं."

मग हळूहळू सगळं कळलं. दोघांची वावरं लागून आहेत. सुट्टीत एकाने बापाच्या मोबाईलवर आपला गट नंबर टाकून शासनाचा भूनकाशा उघडला. स्क्रीनशॉट काढला, दुसऱ्या ॲपमधल्या उपग्रह चित्राशी डोळ्यांनी ताडून पाहिला आणि आजोबांना दाखवला. "आबा, आपला धुरा तं त्यायच्या वावरात दोन हात आत पायजे." सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्याची पेरणी तोंडावर. आजोबांनी दुसऱ्या दिवशी धुरा दोन हात सरकवला. पुढचं तुम्हाला सांगायला नको. आपण सगळे याच जिल्ह्यात राहतो. प्रकरण पोलीस ठाण्यात जाता जाता राहिलं, ते गावातल्या दोन जुन्या माणसांमुळे.

आता माझी गोष्ट. हा नकाशा कसा उघडायचा, हे त्या पोराला मीच शिकवलं होतं. सुट्टीआधीच्या आठवड्यात 'भूमी उपयोजन' हा पाठ घेताना. मोठ्या हौसेने शिकवलं आणि 'नकाशाप्रमाण' पुढच्या सत्रात घेऊ म्हणून सोडून दिलं, कारण पुस्तकात तो पाठ नंतर येतो. म्हणजे पोराच्या हातात नकाशा दिला, पण नकाशातली एक रेघ जमिनीवर किती जाड असते ते सांगितलंच नाही.

या अनुभवानंतर मला दोन प्रकारचे सल्ले मिळाले. काही सहकारी म्हणाले, "सर, महसूलच्या भानगडी वर्गात आणूच नका." काही पालक म्हणाले, "पोरायले कायले पाहिजे वावराचे वाद?" मला हे पटलेलं नाही. उलट माझं मत आणखी पक्कं झालंय की गावचा नकाशा वर्गात आलाच पाहिजे, फक्त तो नीट आला पाहिजे. कारण तो घरात आधीच आलेला आहे. आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नाही, बापाला वेळ नाही, आईच्या हातात मोबाईल क्वचित येतो. घरातला वाचक म्हणजे आठवी-नववीतलं पोरगं. ई-पीक पाहणीचा फोटो तोच काढतो, आणि सातबाऱ्यासाठी ओटीपी आला की तोच वाचून दाखवतो. त्याने नकाशा चुकीचा वाचला तर धुरा सरकतो.

आधी ज्यांनी हा भूनकाशा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्र शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर 'महाभूनकाशा' नावाची सोय आहे. तिथे ग्रामीण की शहरी ते निवडायचं, मग जिल्हा, तालुका आणि गाव. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके, त्यामुळे तालुका अचूक निवडा. गावाचं नाव निवडतानाही घाई नको. बु. आणि खु. म्हणजे बुद्रुक आणि खुर्द, ही दोन वेगळी गावं आहेत. एका पालकांनी अर्धा तास दुसऱ्याच गावात आपलं वावर शोधलं होतं! गावाचा नकाशा उघडला की गट नंबर टाकायचा किंवा नकाशावर बोट ठेवायचं. तो तुकडा वेगळ्या रंगात दिसतो आणि बाजूला खातेदारांची नावं आणि क्षेत्र येतं. त्याचा अहवाल उतरवूनही घेता येतो. सगळं दोन मिनिटांचं काम, नेट असेल तर. आमच्याकडे ते नसतं म्हणून मी आदल्या रात्री घरी उतरवून घेतो आणि वर्गात छापील कागद वापरतो. तेच बरं पडतं, पोरांना पट्टी ठेवता येते.

आता खरा धडा. तो एका गणिताचा आहे, आणि माझ्या मते हे गणित केल्याशिवाय कोणत्याही मुलाला हा नकाशा दाखवू नये.

समजा नकाशाचं प्रमाण १:१०,००० आहे. म्हणजे नकाशावरचा १ सेंमी हा जमिनीवर १०० मीटर. आता साध्या पेन्सिलने एक रेघ ओढा. ती साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. जमिनीवर ती किती झाली? ५ मीटर. बैलगाडी आरामात जाईल एवढी. म्हणजे नुसत्या रेघेच्या पोटातच एक पांदण मावते! आता त्या पोराचे 'दोन हात' घ्या. दोन हात म्हणजे तीन फूट, सुमारे ९० सेंमी. १:१०,००० च्या नकाशावर ते येतात ०.०९ मिमी. डोक्याच्या केसाची जाडी साधारण तेवढीच असते. मी फळ्यावर हे सोडवलं तेव्हा वर्ग गप्प झाला. तो मुलगा स्वतःहून म्हणाला, "सर, म्हणजे मला दिसलेले दोन हात खोटे होते." मी म्हटलं, खोटे नव्हते, पण त्या नकाशात ते दिसूच शकत नाहीत. असले तरी नाही, नसले तरी नाही.

त्यावर मोबाईलचं जीपीएस. मोकळ्या आभाळाखालीही साध्या फोनची जागा काही मीटरने मागेपुढे होते. पोरांना मैदानात एका जागी उभं करा आणि चार मोबाईलवर निळा ठिपका पाहायला सांगा. चौघांचे चार ठिपके. हा प्रयोग फुकट आहे आणि पाच मिनिटांत होतो. सांगून पटत नाही ते यात पटतं.

हा नकाशा आला कुठून?

हे सांगितल्याशिवाय पाठ अपुरा राहतो. पोरांना वाटतं की नकाशा उपग्रहाने काढला. तसं नाही. मोबाईलवर दिसणाऱ्या रेषा बहुतेक करून जुन्या कागदी नकाशांवरून संगणकात उतरवलेल्या आहेत, आणि ते कागदी नकाशे माणसांनी पायी चालून, साखळ्या ओढून काढले. आपला भाग वऱ्हाडातला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १८६० च्या दशकात इथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने शेतवार मोजणी सुरू झाली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. आणा म्हणजे पैसा नव्हे, साखळीचा सोळावा भाग, दोन फुटांहून जरासा जास्त. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३, बरोबर १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठे म्हणजे एकर. पोरं गुंठा, एकर हे शब्द रोज ऐकतात, पण १०८९ हा विचित्र आकडा कुठून आला ते कोणालाच माहीत नसतं. मलाही नोकरी लागून बरीच वर्षं झाल्यावर कळलं, खरं सांगतो.

प्रत्येक शेताचं मोजमाप टिपणात लिहिलं जायचं. वेड्यावाकड्या शेतातून एक मुख्य रेघ टाकायची, तिच्यापासून कोपऱ्यांपर्यंत लंब मोजायचे, शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडायचे आणि त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज करायची. आता आठवीच्या गणितातला क्षेत्रफळाचा पाठ उघडा. अनियमित आकाराच्या जागेचं क्षेत्रफळ काढायची रीत हीच आहे. भूमी अभिलेखच्या दप्तरात ज्या वहीत असे गुणाकार मांडलेले असतात तिला 'गुणाकार बुक' म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वीचा भूमापक तुमचंच गणित करत होता, एवढं सांगितलं की मागच्या बाकावरचाही कान टवकारतो.

पुढे १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली जिथे योजना राबवली गेली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हणून आजोबा एक नंबर सांगतात आणि मोबाईलवर दुसरा दिसतो. यावरून घरात नातवाला वेड्यात काढलं जातं. नातू बरोबर असतो, आजोबाही बरोबर असतात.

एककांचा गोंधळ तर प्रत्येक घरात आहे. बोलताना एकर-गुंठे, सातबाऱ्यावर हेक्टर-आर-चौरस मीटर. सातबाऱ्यावर १.२१.४० असं लिहिलेलं असतं. पोरं ते दशांश अपूर्णांक म्हणून वाचायला जातात आणि दोन टिंबं पाहून अडखळतात. ते वाचायचं असं: १ हेक्टर, २१ आर, ४० चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, शंभर आर म्हणजे हेक्टर. सगळं मिळून १२,१४० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ नेमके तीन एकर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे आहेत, पण एकच नाहीत. आर १०७६ चौरस फुटांच्या आसपास, गुंठा १०८९. एका गुंठ्याला फरक चिमूटभर, शंभर गुंठ्यांना तो एका गुंठ्याहून जास्त. व्यवहाराच्या वेळी एवढ्यावरूनही आवाज चढतात.

आता नकाशात काय दिसत नाही, त्याबद्दल. माझ्या मते हा भाग सर्वात महत्त्वाचा आहे.

भावाभावांत वाटण्या झाल्या, सातबाऱ्यावर पोटहिस्से पडले, पण मोजणी होऊन नकाशा दुरुस्त झाला नसेल तर मोबाईलवर अख्खा गट एकच दिसतो आणि बाजूला सगळ्यांच्या नावांची रांग. त्यात तुमचा तुकडा पूर्वेला की पश्चिमेला, ते नकाशा सांगत नाही. नवा रस्ता, नवा कालवा यांचंही तसंच. मेहकर, सिंदखेडराजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. तिकडच्या शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा: उपग्रह चित्रात महामार्ग शोधा, मग भूनकाशात तीच जागा शोधा. दोन्ही चित्रं जुळतात का? जिथे जुळत नाहीत तिथे का जुळत नाहीत, यावर वर्गात बोला. जमीन संपादित झाल्यावर कमी-जास्त पत्रक तयार होतं आणि त्यानंतर नकाशात बदल होतो. आधी बुलडोझर येतो आणि रेघ मागाहून येते, हे पोरांच्या लक्षात आलं की नकाशा हा 'आजचा फोटो' नाही हे वेगळं शिकवावं लागत नाही.

नदीकाठच्या गावांना आणखी एक विषय आहे. घाटाखाली पूर्णेच्या काठची गावं घ्या किंवा घाटावर पैनगंगेच्या काठची. नकाशातला काठ आणि आजचा काठ ताडून पाहा. पोरं आजीला विचारून येतात की अमुक सालच्या पुरात किती जमीन खरडून गेली. हा भूगोलही झाला आणि इतिहासही.

जुन्या छापील गावनकाशात वाटाही असतात. दोन समांतर तुटक रेषा म्हणजे गाडीरस्ता, एकच तुटक रेघ म्हणजे पायवाट. पांदणीचे निम्मे वाद इथेच अडलेले असतात. नकाशात वाट आहे आणि जागेवर ती नांगरून टाकली आहे, किंवा जागेवर वाट आहे आणि नकाशात तिची खूण नाही. पहिल्या प्रकारात रस्ता खुला करून मागता येतो. दुसऱ्या प्रकारात, पूर्वापार वहिवाट कोणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. आणि वावरात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून वाट मागता येते. आठवीच्या पोराला कलमं पाठ करायला लावा असं मी म्हणत नाही. पण 'भांडण करायच्या आधी अर्ज करता येतो' एवढं त्याला माहीत असायला हरकत काय?

तीच गोष्ट मोजणीची. धुऱ्याबद्दल शंका असेल तर मोबाईलवरचा नकाशा हे उत्तर नव्हे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्दकायम मोजणीचा अर्ज करायचा, फी भरायची, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, मग भूमापक येतो आणि यंत्राने मोजून हद्दीच्या खुणा दाखवतो. त्यानंतर जो नकाशा हातात मिळतो त्याला 'क' प्रत म्हणतात. ती मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून पुन्हा मोजणी मागता येते, तिला निमताना मोजणी म्हणतात. हे शब्द आजोबांना माहीत असतात, पोरांना नसतात. पोरांना मोबाईल येतो, तो आजोबांना येत नाही. दोघांना एकत्र बसवणारा गृहपाठ द्यायला आपल्याकडे यापेक्षा चांगला विषय मला दिसत नाही.

त्या दोन घरांचं पुढे काय झालं, हे विचाराल म्हणून सांगतो. मोजणी झाली. धुरा बहुतेक जागी होता तिथेच बरोबर निघाला. पण नाल्याकडच्या कोपऱ्यात शेजाऱ्याकडे खरोखरच थोडी जमीन जास्त गेलेली निघाली, आणि दुसऱ्या टोकाला आजोबांकडे. म्हणजे दोघंही थोडे चुकले, दोघंही थोडे बरोबर. कोपरे सरळ करायला दोघांनी लगेच होकार दिला असं मात्र झालं नाही. पोरं आता पुन्हा एका सायकलवर येतात. घरं अजून बोलत नाहीत.

(जाता जाता: ज्यांच्या वावरांचा ताबाच अदलाबदल झालेला आहे, म्हणजे याच्या नावाची जमीन तो कसतो आणि त्याच्या नावाची हा, अशांसाठी शासनाने जानेवारी २०२३ मध्ये 'सलोखा' योजना आणली. ताबा किमान बारा वर्षांचा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क नाममात्र १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. तुमच्या गावात असं कोणी असेल तर तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, चौकशी करायला सांगा.)

वर्गात कोणाचं वावर उघडायचं?

उत्तर: कोणाचंच नाही. माझी पहिली चूक प्रमाण न शिकवण्याची आणि दुसरी ही. मी उत्साहात म्हटलं होतं, "चला, आपापला गट नंबर टाका." तीन पोरं हात मागे घेऊन बसली. एकाचे आईबाप ऊसतोडीला जातात, एकाची आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते, तिसऱ्याची जमीन आजोबांच्या काळातच गेलेली. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला 'तुझा गट नंबर काय' हे विचारणं म्हणजे वर्गासमोर त्याचा खिसा उलटा करणं आहे. शिवाय भूनकाशात खातेदारांची नावं दिसतात, आणि सातबाऱ्यावर इतर अधिकारांच्या रकान्यात बँकेचा, सोसायटीचा बोजा. कोणाच्या बापावर किती कर्ज आहे, हे दुपारच्या सुट्टीत चर्चेला यायला नको. माहिती सगळ्यांना खुली आहे हे खरं, पण म्हणून ती फळ्यावर मांडायची नसते.

म्हणून आता मी सुरुवात सार्वजनिक जागांपासून करतो. शाळेची जागा, गावठाण, नाला, स्मशानभूमी, पाझर तलाव. आपल्याकडे गावोगाव ई-क्लास जमीन असते, गुरं चरायला ठेवलेली सरकारी जमीन. ती नकाशात किती होती आणि आज तिथे काय आहे, हे पोरांना पाहू द्या. ही जमीन सगळ्या वर्गाची आहे, ज्याच्याकडे वावर नाही त्याचीही. गावठाणातल्या घरांचा मात्र सातबारा नसतो. त्यांच्यासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका द्यायचं काम निघालं. आठवीच्या पुस्तकात सातबारा आणि मिळकत पत्रिका दोन्ही आहेत, फरक विचारलेला आहे. पोरं तो पाठ करून लिहितात आणि घरच्या ट्रंकेत दोन्हींपैकी काय ठेवलंय ते त्यांना ठाऊक नसतं.

नावांवरून एक गोष्ट आठवली, ती पालकांसाठी. गेल्या साली आपल्या बुलढाणा जिल्ह्यात 'जिवंत सातबारा' मोहीम १ मार्च २०२५ ला सुरू झाली आणि नंतर ती राज्यभर नेली गेली. सातबाऱ्यावर मेलेल्या माणसांची नावं तशीच असतात, ती कमी करून वारसांची नावं लावायची, अशी ही मोहीम. पीककर्ज असो की अनुदान, नाव मृताचं असलं की कागद अडतो. आता वारस म्हटलं की मुलीही आल्या. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हिस्सा आहे, आणि महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच तसा कायदा केला होता. तरी आपल्याकडे वारसनोंद होते आणि पाठोपाठ बहिणींचं हक्कसोडपत्र होतं. बहिणीने राजीखुशीने दिलं तर तो तिचा प्रश्न. पण सही करायच्या आधी तिला कागद वाचता यावा, एवढी माझी अपेक्षा आहे. माझ्या वर्गात एकोणीस मुली आहेत. हेक्टर-आर वाचायला त्या शिकल्या तर मला पाठ्यक्रमाबाहेरचं काही केल्यासारखं वाटत नाही.

"आधीच अशैक्षणिक कामं कमी आहेत का?" हा प्रश्न तुम्ही विचारणारच. बरोबर आहे. जनगणना, निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाईन माहिती भरणं यातून शिकवायला वेळ उरवणं हीच कसरत आहे. पण मी नवीन काही मागत नाही. भूमी उपयोजन, नकाशाप्रमाण, क्षेत्रभेट हे भूगोलाचे तीन पाठ आणि गणितातला क्षेत्रफळाचा पाठ आपल्याला घ्यायचेच आहेत. फक्त क्रम बदला. प्रमाण आधी, मग नकाशा, मग मैदान. आणि क्षेत्रभेटीसाठी बस ठरवून लांब जाण्याआधी एकदा गावच्या शिवेवर जाऊन या. लोणारचं सरोवर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि ते दाखवायलाच हवं, पण शिवेवरचा हद्दीचा दगड दाखवायला पैसे लागत नाहीत.

या वर्षी आम्ही शाळेची जागा मोजली. सुतळीचा ३३ फुटांचा दोर केला, सोळा गाठी मारल्या. पहिल्या दिवशी दव पडलेलं होतं, ओला दोर वेगळंच माप देऊ लागला. म्हणून दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर पुन्हा मोजलं. मुख्य रेघ झेंड्याच्या खांबापासून विहिरीकडे टाकली, लंब मोजले, त्रिकोण पाडले. बेरीज आली ३८ आर आणि काही. सातबाऱ्यावर ४० आर. वर्गात एकच गलका: "सर, अतिक्रमण! पश्चिमेकडून दाबलं!" पश्चिमेला कोणाचं घर आहे ते सगळ्यांना माहीत, त्याची नात पाचवीत.

मी म्हटलं, आधी या दोन आरची कारणं लिहून काढा, जेवढी सुचतील तेवढी. पोरांनी लिहिली. दोर ताणला गेला असेल. गाठी सारख्या नसतील. कंपाउंड आपल्याच माणसांनी हद्दीच्या आत बांधलं असेल. रस्ता रुंद करताना जागा गेली असेल. झाडामागचा कोपरा आपण मोजलाच नाही. आणि हो, कोणी दाबलीही असेल. मग मुख्याध्यापकांच्या सहीने मोजणीसाठी ग्रामपंचायतीला पत्र द्यायचं ठरलं. मसुदा पोरांनीच केला. पहिल्या ओळीत 'अतिक्रमण' असा शब्द होता. डबलसीटवाल्या दोघांपैकी एकाने तो खोडला आणि वर 'फरक' लिहिलं.